वणव्याआधीचे कंटाळवाणे महिने

एका रविवारी सकाळी मी घरातल्या कुणालाही आधी कल्पना न देता जाहीर केले, "आत्ता, या क्षणी घर सोडून निघायचे आहे असे समजा," आणि घड्याळ लावले. माझा अंदाज १० मिनिटांचा होता. शेवटचा माणूस गाडीत बसला तेव्हा ३४ मिनिटे होऊन गेली होती. सासूबाईंची औषधे दोन खोल्यांतल्या दोन डब्यांत निघाली, घराची कागदपत्रे ज्या कपाटात होती त्याची किल्ली सापडेना, मांजर पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हते आणि मुलगी चार्जर आणायला म्हणून तिसऱ्यांदा आत गेली होती. आमचे घर जंगलाच्या कडेने वसलेल्या एका वस्तीत आहे. त्या दिवशी धूर नव्हता, वीज गेलेली नव्हती, रस्त्यावर दुसरी एकही गाडी नव्हती आणि कुणी घाबरलेलेही नव्हते. तरीही ३४ मिनिटे लागली.

वणव्यांविषयी मी बरेच दिवस वाचते आहे, विशेषतः मोठ्या आगींनंतर झालेल्या चौकश्यांविषयी. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती अशी की आगीच्या दिवशी जे घडते त्याचा बराचसा भाग आधीच्या काही महिन्यांत, कधी काही दशकांत, ठरून गेलेला असतो. कुठे पाचोळा साचला होता, कोणती गल्ली पुढे बंद होती, कोणत्या म्हाताऱ्या माणसाकडे गाडी नव्हती आणि हे शेजाऱ्यांपैकी कुणाला माहीत होते का, असल्या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी जीवघेणी ठरतात. विमानातून पाणी टाकतानाची दृश्ये पाहून आपली अशी समजूत होते की वणव्याशी झुंजणे हे अग्निशमन दलाचे काम आहे. एकदोन घरांना आग लागली तर ते खरेही आहे. पण शेकडो घरे एकाच तासात पेटतात, तेव्हा जगातले कोणतेही दल प्रत्येक दारात बंब उभा करू शकत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण यंत्रणेला हिणवण्यासाठी वापरतो, परंतु मोठ्या वणव्यात यंत्रणा कितीही दक्ष असली तरी काही तास नेमकी हीच स्थिती असणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते.

घर नेमके कसे पेटते, याविषयीचे माझे चित्र कित्येक वर्षे चुकीचे होते. ज्वाळांची एक भिंत जंगलातून सरकत येते आणि घरे गिळत पुढे जाते, असे मला वाटे. अमेरिकेच्या वन सेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी हयातभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात केलेल्या प्रयोगांमध्ये, झाडांच्या शेंड्यांपर्यंत पेटलेल्या आगीसमोर वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या करण्यात आल्या. १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला. २० आणि ३० मीटरवरच्या भिंती मात्र टिकल्या. शेंड्यांवरची आग एका जागी फार वेळ राहत नाही, तिचा भर मिनिटभरात ओसरतो, आणि तेवढ्या वेळात ३० मीटर दूरच्या लाकडाला पेटवण्याइतकी उष्णता पोहोचत नाही. मग मोठ्या वणव्यांनंतरच्या छायाचित्रांत घराची राख झालेली आणि त्याच्या शेजारचे झाड मात्र हिरवेगार उभे, असे दृश्य का दिसते? कारण ते घर जंगलातल्या ज्वाळेने पेटलेलेच नसते. वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी ते पेटवलेले असते.

हे निखारे आगीच्या पुढे एखादा किलोमीटर, वारा जोरदार असेल तर त्याहूनही कितीतरी दूर उडतात. पन्हाळीत साचलेली वाळकी पाने, पायपुसणे, भिंतीला टेकवून ठेवलेला झाडू, जिन्याखालची रद्दी, छपराच्या कडेची फट, माळ्याच्या हवेसाठी ठेवलेली जाळी, अशी एखादी जागा त्यांना पुरते. घर सोडण्याच्या त्या रविवारच्या सरावाच्या दुसऱ्याच दिवशी मी शिडी लावून आमची पन्हाळ पाहिली. दोन वर्षांचा पाचोळा तिच्यात दाबून बसला होता. वरचा थर चुरचुरीत वाळलेला आणि खालचा काळपट, अर्धवट कुजलेला. मूठभर वाळका पाचोळा घेऊन मी अंगणातल्या दगडावर ठेवला आणि त्यावर उदबत्तीचे पेटते टोक टेकवून फुंकर घातली. काडीसुद्धा ओढावी लागली नाही. आधी एका पानाची कड लाल झाली, मग ती लाली शिरेशिरेने आत सरकली आणि तिसऱ्या फुंकरीला ज्योत उठली. तो दगड आमच्या छपराच्या लाकडी कडेखाली असता तर काय झाले असते, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

म्हणून घराभोवतीच्या जागेचा विचार आतून बाहेर करायचा असतो. भिंतीला लागून असलेला पहिला दीड मीटर सर्वांत महत्त्वाचा. तिथे जळण्यासारखे काहीही नसावे, म्हणजे झुडूप नको, लाकडांची रास नको, प्लॅस्टिकची बादलीही नको. त्यापुढे सुमारे ९ मीटरपर्यंत झाडे विरळ, गवत आखूड आणि खालच्या फांद्या छाटलेल्या असाव्यात, म्हणजे जमिनीवरची आग शिडी चढल्यासारखी शेंड्यावर जाणार नाही. तिथून ३० मीटरपर्यंत नुसते विरळीकरण पुरते. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला हे अंतर वाढवावे लागते, कारण आग चढावर वेगाने धावते. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील अग्निशमन दलांचा ठोकताळा आहे. हवेच्या जाळ्यांची छिद्रे ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असावीत. कॅलिफोर्नियाने २०२० साली या पहिल्या दीड मीटरसाठी स्वतंत्र कायदा केला, पण त्याचे नियम ठरवताना वर्षानुवर्षे वाद चालू राहिले. त्याचे मला नवल वाटत नाही, कारण खिडकीखालचे फुललेले झुडूप काढा असे कुणी सांगितले की माणूस हळवा होतो. मीही झाले होते.

इथवरचे सगळे एकेकट्या घरमालकाला करता येण्याजोगे आहे, आणि बहुतेक माहितीपत्रके इथेच थांबतातही. पण घरे जवळजवळ असतील तर एकट्याने केलेली तयारी अपुरी पडते. झाडांची आग मिनिटभरात पुढे सरकते. घर मात्र तासन्‌तास धगधगत राहते, आणि शेजारचे घर १० मीटरच्या आत असेल तर ते त्या धगीनेच पेटते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ३० डिसेंबर २०२१ रोजी, ऐन हिवाळ्यात, सुकलेल्या गवताला आग लागली. वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्या घरात होते. काही तासांत एक हजारांहून अधिक घरे जळाली, आणि त्यांतली पुष्कळशी घनदाट जंगलात नव्हे, तर नेहमीच्या उपनगरी रांगांमध्ये होती. तिथे इंधन झाडांचे नव्हते. घरेच इंधन झाली होती. माझे अंगण कितीही स्वच्छ असले, तरी शेजाऱ्याच्या भिंतीला लाकडांची रास टेकलेली असेल, तर ती माझीही रास आहे. तयारीचे खरे एकक म्हणूनच एकेकटे घर नसते आणि आख्खे शहरही नसते. ते असते गल्ली, वाडी, वस्ती, म्हणजे ज्यांच्या भिंती एकमेकांची धग सोसणार आहेत तेवढी घरे.

आमच्या गल्लीत २३ घरे आहेत. सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगितले तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातले काका म्हणाले, "अहो, ही लाकडे वीस वर्षे इथेच आहेत. आजवर काही झाले का?" माझ्याकडे आकडेवारी होती, नकाशे होते, कोहेन होते, त्यातले काहीच उपयोगी पडले नाही. तीन आठवड्यांनी एका शनिवारी आम्ही चौघे जण हातमोजे घालून त्यांच्याकडे गेलो आणि "काका, लाकडे मागच्या मोकळ्या जागेत रचून देऊ का?" असे विचारले. दीड तासात काम संपले. काकांची कंबर दुखत होती आणि एवढी लाकडे हलवणे त्यांना शक्यच नव्हते, हे आम्हाला तेव्हा कळले. जागृतीची पत्रके वाटणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण माणसे पुष्कळदा अज्ञानापायी नव्हे, तर अंगात बळ नसल्याने, हाताशी पैसे नसल्याने किंवा घर भाड्याचे असल्याने काही करत नाहीत. त्यांना पत्रकापेक्षा हातांची गरज असते.

हवामान बदलाचा या सगळ्याशी असलेला संबंध काही जण फार ढोबळपणे मांडतात, जणू तापमान वाढले आणि जंगल आपोआप पेटले. बहुतेक आगी अजूनही माणसेच लावतात, चुकून किंवा मुद्दाम. अमेरिकेत १९९२ ते २०१२ या काळातील वणव्यांपैकी ८४ टक्के माणसांमुळे लागले होते, असे एका अभ्यासात आढळले. बदलले आहे ते ठिणगी पडल्यानंतरचे जग. हवेचे तापमान १ अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावू शकते. जमिनीवर तेवढे पाणी उपलब्ध नसले, की हवेची वाढलेली तहान पानांतून, गवतातून, मातीतून भागवली जाते. झाडे उभी असतात, हिरवीही दिसतात, पण आतून वाळत जातात. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण आपण निरपराधांच्या वाट्याला आलेल्या शिक्षेविषयी वापरतो. तापलेल्या जगात ती अक्षरशः खरी होते आहे, कारण ओले पुरेसे ओले राहिलेलेच नाही. पश्चिम अमेरिकेतील जंगलांविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखवले, की मानवनिर्मित तापमानवाढ नसती तर १९८४ पासून जेवढे जंगल जळाले असते, त्याच्या जवळपास दुप्पट प्रत्यक्षात जळाले.

त्यातही मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे ती रात्रीची. पूर्वी सूर्य मावळला की हवा गार आणि दमट होई, आग मंदावे आणि तिच्याशी झुंजणाऱ्यांना काही तास उसंत मिळे. रात्री उबदार आणि कोरड्या होऊ लागल्यामुळे ती उसंत अनेक ठिकाणी आटत चालली आहे. दुसरे म्हणजे पावसाचा लहरीपणा. लॉस एंजेलिसच्या परिसरात लागोपाठ दोन हिवाळे भरपूर पाऊस झाला, झुडपे आणि गवत माजले आणि मग २०२४ च्या अखेरीस पावसाने पूर्ण पाठ फिरवली. जानेवारी २०२५ मध्ये जोरदार कोरडे वारे सुटले आणि १६ हजारांहून अधिक इमारती जळून गेल्या. चांगला पाऊस झाला की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो, पण वणव्याच्या हिशेबात तो पाऊस पुढच्या वर्षीचे इंधनही असतो. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले, म्हणजे तोवरच्या विक्रमाच्या जवळपास दुप्पट. त्याआधी दोनच वर्षे, २९ जून २०२१ रोजी, त्याच देशातील लिटन या छोट्या गावात ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या गावाचा बहुतेक भाग आगीत नष्ट झाला.

आता घर सोडून निघण्याविषयी. कॅलिफोर्नियातील पॅराडाइस हे गाव निष्काळजी नव्हते. डोंगरमाथ्यावर वसलेल्या त्या गावाने आपले विभाग पाडले होते, स्थलांतराचा आराखडा केला होता, सरावही केला होता. परंतु आराखड्यात गावाचा एकेक भाग क्रमाक्रमाने रिकामा होणार होता. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी आग लागल्यापासून दीड-दोन तासांत गावात निखारे पडू लागले, सगळे गाव एकाच वेळी निघाले आणि खाली जाणारे मोजके रस्ते तुंबले. ८५ माणसे दगावली, त्यांतली बहुसंख्य वृद्ध होती. अनेकांच्या फोनवर इशारा पोहोचलाच नव्हता. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील लहाइना गावात ८ ऑगस्ट २०२३ रोजी वीज गेली, फोन बंद पडले आणि भोंगे वाजवलेच गेले नाहीत. तिथे १०२ जण मरण पावले. ज्या इशाऱ्याला वीज, मोबाइलचा मनोरा आणि झोपेत नसलेला माणूस अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात, तो इशारा एकुलता एक असू नये.

ग्रीसमधील माती या समुद्रकाठच्या वस्तीची हकिकत मी वाचली, त्यानंतर कित्येक दिवस ती डोक्यातून गेली नाही. २३ जुलै २०१८ च्या त्या आगीत १०४ जण गेले. त्यांतले २६ जण एका मोकळ्या जागेत एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत आढळले. समुद्र तिथून अगदी जवळ होता, पण धुरात त्यांना तिथवर जायची वाट सापडली नाही. गल्ल्या पुढे बंद होत्या, अनेक ठिकाणी कुंपणे आणि कडे आडवे आले. पाण्याकडे जाणारी वाट कोणती हे त्यांना आदल्या दिवशी कुणी चालत दाखवले असते तर, हा विचार मनातून हटत नाही. ती हकिकत वाचल्यावर मी आमच्या वस्तीचा नकाशा काढून बसले. बाहेर पडायला एक रस्ता आहे. मागच्या बाजूने एक कच्ची वाट मुख्य रस्त्याला मिळते खरी, पण तिच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे आणि त्याला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे आहे, हे २३ घरांपैकी एकालाही सांगता आले नाही.

पोर्तुगालने या बाबतीत जे केले, त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदे भागातील वणव्यात ६६ जण मरण पावले आणि त्यांतले ४७ जण गावे सोडून पळत असताना एकाच रस्त्यावर आगीत सापडले. जवळच्या नोदेइरिन्यो नावाच्या वाडीत काही जण मात्र पाण्याच्या टाकीत उतरून बसले आणि वाचले. म्हणजे उशिरा निघणे हे कधीकधी न निघण्याहून घातक असते. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने ‘सुरक्षित गाव, सुरक्षित माणसे’ या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक सहभागी गावातला एक रहिवासी सुरक्षा अधिकारी म्हणून निवडला जातो. गावात कोण कुठे राहते, कुणाला चालता येत नाही, आसऱ्याची जागा कोणती, बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, हे त्याने जाणायचे आणि सराव घ्यायचा. हा माणूस तज्ज्ञ असण्याची अट नाही. तो तिथला असला पाहिजे, एवढेच. ऑस्ट्रेलियातही ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात १७३ माणसे गमावल्यानंतर, घर राखण्यासाठी थांबा किंवा वेळेवर निघा या जुन्या सल्ल्याची फेरतपासणी झाली. आगीच्या धोक्याची सर्वोच्च श्रेणी जाहीर झाली की आग दिसण्याची वाटच पाहायची नाही, आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे निघून जायचे, असा सल्ला आता तिथे दिला जातो. शिवाय गावोगावी अखेरच्या आसऱ्याच्या जागा आखून ठेवलेल्या असतात, बऱ्याचदा एखादे साधे मैदान किंवा सभागृह.

आमच्या गल्लीत कुणाला मदत लागेल याची आम्हीही यादी केली, आणि तीत पहिली नोंद झाली ती पलीकडच्या आजींची. त्या एकट्या राहतात आणि रात्री कानातले यंत्र काढून झोपतात. त्यांच्या फोनवर शंभर इशारे आले तरी त्यांना ऐकू येणार नाहीत. कुणीतरी दार उघडून आत जाऊन त्यांना हलवूनच उठवावे लागेल. ही माहिती कोणत्याही सरकारी नोंदवहीत नव्हती आणि असणेही शक्य नाही. आता त्यांच्या घराची एकेक किल्ली दोन वेगवेगळ्या घरांत आहे, कारण एक घर गावाला गेलेले असू शकते. यादीत आणखी चार घरे अशी निघाली, ज्यांच्याकडे गाडी नाही. प्रत्येकासाठी कुणाच्या गाडीत जागा आहे ते लिहून ठेवले आहे. १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागो शहरात सातशेहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली बरीचशी एकटी, कुणाची ये-जा नसलेल्या खोल्यांत मेली. उष्मा असो, पूर असो वा वणवा, कुणाचे दार कुणी ठोठावायचे हे आधी ठरलेले असणे, ही एकच तयारी तिन्ही संकटांत उपयोगी पडते. हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या चर्चा मोठमोठ्या निधीविषयी होतात आणि त्या व्हायलाही हव्यात, पण ही वही दोन संध्याकाळी फिरून तयार झाली.

जंगलाच्या बाजूनेही काही करायचे असते, आणि तिथे सर्वांत अवघड विचार पचवावा लागतो तो असा की आग पूर्णपणे हद्दपार करणे हेच पुढच्या मोठ्या आगीचे कारण ठरू शकते. अमेरिकेत १९१० च्या प्रचंड वणव्यानंतर आगीचा धसका घेतला गेला आणि १९३५ साली, लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणायची, असे धोरणच ठरले. ते बऱ्याच अंशी यशस्वीही झाले. परिणामी, जी जंगले दर काही वर्षांनी हलक्या आगीने साफ होत असत, त्यांत काटक्या, झुडपे आणि दाट रोपे साचत गेली. कॅलिफोर्नियातील युरोक आणि कारूक हे मूळ रहिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम, हंगाम पाहून, लहान लहान आगी लावत असत; त्यांना कायद्याने गुन्हेगार ठरवले गेले. आता त्याच लोकांकडून शिकण्यासाठी वन अधिकारी येतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमध्ये आदिवासी रेंजर्स कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल शिल्लक असताना, थंड आणि मंद आगी लावून जमिनीचे तुकडे पाडतात, म्हणजे ऋतूच्या अखेरीस लागणारी प्रचंड आग त्या तुकड्यांपाशी अडते. २००६ पासून हे काम कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या करारातूनही चालते आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळते.

हिमालयात, अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसराचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, कारण त्यात यंत्रे जवळजवळ नाहीत. शेताच्या बांधावरची झुडपे आणि कचरा जाळताना उडालेल्या ठिणग्यांनी तिथले जंगल पेटत असे, आणि चीड वृक्षांच्या सुयांचा जाड थर ती आग डोंगरभर पसरवत असे. तिथल्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी पुढाकार घेऊन, असे ठरवले की हे जाळकाम सर्वांनी ३१ मार्चपूर्वी, म्हणजे उन्हाचा कडाका आणि वारे वाढण्याआधी उरकायचे. ते उरकल्यानंतरचा १ एप्रिल हा दिवस ‘ओण दिवस’ म्हणून ठरला. यात जाळू नका असा हुकूम नाही. जाळा, पण वेळेवर आणि सर्वांनी मिळून, असा समजूतदारपणा आहे. सरसकट बंदी घातली की माणसे लपूनछपून, चुकीच्या वेळी आणि एकेकटी जाळतात, हे ज्याने खेड्यात काही दिवस काढले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

धुराविषयी थोडक्यात सांगते, जरी बळींचा हिशेब केला तर तो ज्वाळांपेक्षा कितीतरी मोठा आहे. शेते, गवताळ प्रदेश आणि जंगले यांच्या आगींतून होणाऱ्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात वर्षाला सुमारे १५ लाख मृत्यू होतात, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झाला. पीएम २.५ हे सूक्ष्म कण ओल्या रुमालाने अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टाच हवा. घरातली एक खोली बंद करून तिथे हवा गाळणारे यंत्र चालवणे हा चांगला उपाय आहे, आणि ते यंत्र नसेल तर चौकोनी पंख्याला चार बाजूंनी चांगल्या प्रतीचे फिल्टर चिकटवून बनवलेली पेटीही उत्तम काम देते. आम्ही अशी एक पेटी दुपारभरात बनवली आणि दमा असलेल्या दोन मुलांच्या घराशेजारी ठेवली आहे.

आग विझली म्हणजे संकट संपले असेही नाही. पुष्कळ गावे आगीतून निघून फुफाट्यात पडली आहेत. जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, त्यामुळे पहिलाच जोराचा पाऊस चिखल आणि दगडधोंडे घेऊन खाली येतो. कॅलिफोर्नियातील माँटेसिटो येथे ९ जानेवारी २०१८ रोजी, महिन्याभरापूर्वीच जळालेल्या डोंगरावरून असाच लोंढा आला आणि २३ जण दगावले. पॅराडाइसमध्ये नळाच्या पाण्यात बेंझिन आढळले, कारण वितळलेले प्लॅस्टिकचे पाइप आणि धूर यांचे अंश जलवाहिन्यांत शोषले गेले होते. राख थंड झाल्यावरही माणसे घरी परतू शकत नाहीत, ती विखुरतात, आणि गल्लीतली जी ओळख उपयोगी पडायची तीच विस्कटते.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत दिलासा मिळाला तो ऑस्ट्रेलियातील स्ट्रॅथुएन या छोट्या गावाकडून. २००९ च्या त्या आगीत गावातली २७ माणसे गेली आणि शाळाही जळाली. पुढे तिथल्या नव्या शाळेत, स्थानिक अग्निशमन पथकाच्या मदतीने, मुलांना वणव्याचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. मुले वारा आणि दमटपणा मोजतात, इंधनाचा कोरडेपणा तपासतात, आणि आजचा दिवस किती धोक्याचा आहे हे स्वतः ठरवायला शिकतात. आधी मला प्रश्न पडला होता की एवढे सोसलेल्या गावात मुलांपुढे हा विषय काढावा तरी का. पण न बोलल्याने भीती जात नाही, ती फक्त मुलांच्या वाट्याला एकटीने येते. आमच्या गल्लीतल्या मुलांनीही आता एक काम अंगावर घेतले आहे. दर पंधरा दिवसांनी ती ठरलेल्या पाच ठिकाणचे गवत मुठीत धरून मोडून पाहतात आणि वाकले की मोडले ते वहीत लिहितात. त्याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण गेल्या तीन नोंदींत ‘मोडले’ हा शब्द आधी दोनदा, मग तीनदा आणि मग पाचही ठिकाणी आला आहे, आणि हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

घर रिकामे करण्याचा दुसरा सराव आम्ही सगळ्या गल्लीचा मिळून केला. आमचे घर १४ मिनिटांत बाहेर पडले. औषधे एका पिशवीत होती, कागदपत्रे दारामागच्या खुंटीवर, आणि मांजराची टोपली आठवडाभर आधीच बाहेर काढून ठेवल्यामुळे ते स्वतःहून तिच्यात झोपायला लागले होते. आजींना उठवायला गेलेल्या मुलाने आधी चुकीच्या घराची किल्ली नेली. आता किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले आहेत. मागच्या फाटकाची किल्ली बऱ्याच चौकशीनंतर, खूप पूर्वी वस्ती सोडून गेलेल्या एका कुटुंबाकडे सापडली. तिच्या चार प्रती काढल्या. सरावाच्या दिवशी ती कुलपात फिरली, पण गंजलेले फाटक हलवायला तिघांना खांदा लावावा लागला आणि ते अर्धेच उघडले. गाडी जाईल एवढे नाही. बिजागऱ्या बदलायचे काम माझ्याकडे आले आहे. लोहार मंगळवारी माप घ्यायला येतो आहे.